गैरसमज दूर होतात, मतभेद मात्र झाकले जातात : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ख्रिस्ती एकमेकांच्या श्रद्धेविषयी जे गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या बाळगत आले आहेत, त्यांनाच विषय करून तयार केलेला हा ऑनलाइन अभ्यासक्रम एक कॅथलिक धर्मगुरू आणि एक ल्यूथरन पाळक मिळून शिकवतात. चित्रमुद्रित व्याख्याने, प्रत्येक व्याख्यानासोबत मूळ दस्तऐवजांतील निवडक उतारे, पाठाच्या अखेरीस प्रश्नसंच आणि अधूनमधून होणारी थेट शंकानिरसनाची सत्रे, असे त्याचे स्वरूप आहे. समोरच्याची श्रद्धा मांडायची तर ती त्याने स्वतः मान्य करावी अशाच शब्दांत मांडायची, हा नियम दोन्ही शिक्षकांनी स्वतःला घालून घेतला आहे आणि बहुतेक ठिकाणी तो कसोशीने पाळलाही आहे. धार्मिक वादाच्या क्षेत्रात एवढी शिस्तसुद्धा दुर्मीळ असल्यामुळे अभ्यासक्रमाचे स्वागत करायला हवे. मात्र गैरसमज दूर झाला की मतभेदही मिटला, असा सूर पाठांमधून वारंवार उमटतो, आणि तो मला मान्य होण्यासारखा नाही.

मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या प्रश्नावरची व्याख्याने हा अभ्यासक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. कॅथलिक लोक सत्कर्मांच्या जोरावर तारण मिळवू पाहतात, असे अनेक प्रोटेस्टंट मानतात. तर प्रोटेस्टंटांच्या मते एकदा विश्वास ठेवला की मनुष्य वाटेल तसे वागायला मोकळा होतो, असे अनेक कॅथलिक मानतात. पहिल्या समजाला उत्तर म्हणून प्रोटेस्टंट चळवळीनंतर कॅथलिक चर्चने भरवलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी संमत केलेला आदेश विद्यार्थ्यापुढे ठेवला जातो. देवाच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरू शकतो, असे म्हणणाऱ्याचा त्या आदेशाच्या पहिल्याच नियमात धिक्कार केलेला आहे, आणि त्याच आदेशाच्या आठव्या प्रकरणात, नीतिमान ठरण्याच्या आधीची कोणतीही गोष्ट, मग तो विश्वास असो वा कर्म, ती कृपा कमावू शकत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. शिक्षक त्याही मागे जाऊन ५२९ साली ऑरेंज येथे भरलेल्या परिषदेपर्यंत पोहोचतात. विश्वासाचा पहिला अंकुरसुद्धा कृपेमुळेच फुटतो, हे त्या परिषदेने प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याच्या जन्माआधी साडेनऊशे वर्षे ठरवून टाकले होते. ज्यांनी आयुष्यभर कॅथलिक मताची केवळ प्रतिपक्षाने केलेली मांडणी ऐकली आहे, त्यांच्यासाठी हा एक पाठसुद्धा पुरेसा मोलाचा ठरेल.

दुसऱ्या समजाचे निराकरणही तितकेच नेमके आहे. ल्यूथरने ऑगस्ट १५२१ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यातून आपला सहकारी मेलांख्थन याला लिहिलेल्या पत्रात 'धीटपणे पाप कर' असे म्हटले, एवढेच त्याचे विरोधक सांगत आले. ख्रिस्तावर त्याहूनही धीटपणे विश्वास ठेव, हा त्याच वाक्याचा पुढचा भाग मात्र सोयीस्करपणे गळत आला. ते पत्र कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या मनःस्थितीच्या माणसाला लिहिले होते, हे ल्यूथरन पाळकांनी शांतपणे उलगडून दाखवले आहे. त्याला जोडून १५३० च्या ऑग्जबर्ग कबुलीजबाबातील, म्हणजे ल्यूथरनांच्या मूळ श्रद्धानिवेदनातील, विसावे कलम वाचायला दिले आहे. आमचे शिक्षक सत्कर्मांना मनाई करतात हा आरोप खोटा आहे, याच तक्रारीने ते कलम सुरू होते. म्हणजे जो गैरसमज आजही कानावर पडतो, त्याचे खंडन करण्याची वेळ पहिल्या पिढीतच आली होती, हे विद्यार्थ्याला मूळ कागदावरून कळते.

इथवर सारे उत्तम आहे. यानंतर अभ्यासक्रम थेट ३१ ऑक्टोबर १९९९ वर उडी घेतो. त्या दिवशी जागतिक ल्यूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी ऑग्जबर्ग येथे नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्ताविषयीच्या संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. पुढे २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेनेही तिला संमती दिली. आपल्या गुणांमुळे नव्हे, तर केवळ कृपेने आणि ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपला स्वीकार करतो, अशा आशयाचे संयुक्त विधान त्या घोषणेत आहे, आणि दोन्ही शिक्षकांना त्याचा वाटणारा आनंद समजण्यासारखा आहे. परंतु ट्रेंटच्या ज्या आदेशातील पहिला नियम विद्यार्थ्याला दाखवला, त्याच आदेशातील अकरावा आणि चोविसावा हे नियम त्याला का दाखवले नाहीत? ख्रिस्ताचे नीतिमत्त्व मनुष्याच्या खाती केवळ जमा धरले जाते आणि त्याच्या अंतरंगात प्रीती ओतली जात नाही, या मताचा अकराव्या नियमात धिक्कार आहे; सत्कर्मे ही मिळालेल्या नीतिमत्त्वाची केवळ फळे आणि चिन्हे आहेत, त्याच्या वाढीचे कारण नाहीत, या मताचा चोविसाव्यात. इथे दोन्ही बाजूंना एकमेकांचे म्हणणे बऱ्यापैकी कळलेले होते आणि ते कळूनच त्यांनी नकार दिला होता. नीतिमान ठरलेला मनुष्य त्याच वेळी पापीही असतो, हे ल्यूथरचे म्हणणे तर १९९८ मध्ये संयुक्त घोषणेच्या मसुद्याला प्रतिसाद देतानाही रोमला अडचणीचे वाटले होते आणि त्यासाठी घोषणेला स्वतंत्र पुरवणी जोडावी लागली. अमेरिकेतील मिसुरी सिनॉडच्या ल्यूथरन चर्चने ही घोषणा स्वीकारलेली नाही. यापैकी काहीही पाठात येत नाही, त्यामुळे विद्यार्थी चांगल्या माहितीनिशी पण चुकीच्या निष्कर्षाने बाहेर पडण्याची शक्यता राहते.

दंडमाफीवरील पाठ मला सर्वाधिक आवडला, कारण तिथे गैरसमजाबरोबर त्या गैरसमजाला जबाबदार असलेले वर्तनही दाखवले आहे. दंडमाफी म्हणजे पाप करण्याचा परवाना, किंवा पैसे भरून मिळणारी पापक्षमा, असा समज सर्रास आढळतो. कॅथलिक शिकवणीप्रमाणे पापाची क्षमा आधी झालेली असावी लागते. दंडमाफीने केवळ त्या क्षमा झालेल्या पापामुळे उरलेली तात्पुरती शिक्षा माफ होते. हे सांगून पाठ थांबला असता तर ती केवळ वकिली ठरली असती. परंतु रोममधील संत पीटर यांच्या महामंदिराच्या बांधकामाच्या नावाने गोळा होणाऱ्या पैशांतील निम्मा वाटा माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने फुगर सावकारांकडून काढलेले कर्ज फेडण्यासाठी कसा जात होता, आणि योहान टेट्झेलसारखे प्रचारक पेटीत नाणे खणखणताच आत्म्याची सुटका होते अशा थाटात कसा प्रचार करीत होते, हे कॅथलिक शिक्षकांनी स्वतःच्या तोंडाने आणि आडपडदा न ठेवता सांगितले आहे. उलट ल्यूथरन शिक्षकांनी हे दाखवून दिले आहे की १५१७ च्या पंचाण्णव प्रबंधांत ल्यूथरने दंडमाफीची कल्पना मुळातून नाकारलेली नव्हती. एकाहत्तराव्या प्रबंधात तर पोपने दिलेल्या दंडमाफीविरुद्ध बोलणाऱ्याचाच त्याने धिक्कार केला आहे. दोघांनी आपापल्या बाजूचा अवघड भाग स्वतःकडे घेतल्यामुळे या पाठाला विश्वासार्हता आली आहे.

ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये दंडमाफीच्या देणग्या गोळा करणाऱ्यांचे पदच रद्द केले आणि पाचव्या पायसने १५६७ मध्ये पैशांशी जोडलेल्या दंडमाफ्या मोडीत काढल्या, ही पुढची हकीकतही इथे आली आहे. जुन्या प्रार्थनापुस्तकांत 'तीनशे दिवसांची दंडमाफी' असे छापलेले असे, त्यावरून शुद्धिस्थानातील, म्हणजे मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणाच्या अवस्थेतील, तेवढे दिवस कमी होतात असे खुद्द कॅथलिक भाविकही समजत. ते दिवस प्राचीन काळी जाहीर प्रायश्चित्तासाठी ठरवून दिल्या जाणाऱ्या मुदतीच्या हिशेबाने धरलेले होते. सहाव्या पॉलने १९६७ मध्ये ही दिवस-वर्षांची मोजणी बंद केली. गैरसमज केवळ पलीकडच्या पंथात नांदत नाहीत, हे याहून चांगल्या उदाहरणाने क्वचितच सांगता येईल. शुद्धिस्थानाची कल्पना मात्र दोन-तीन वाक्यांत उरकली आहे. ते मृत्यूनंतर मिळणारी दुसरी संधी नसून तारण निश्चित झालेल्यांचेच शुद्धीकरण आहे, एवढे सांगून पाठ पुढे सरकतो, आणि तेवढे पुरेही आहे.

मरियेविषयीचा पाठ माहितीच्या दृष्टीने निर्दोष आहे. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीच्या उदरी झालेला जन्म, हा घोटाळा प्रोटेस्टंटच काय, कॅथलिक घरांतही ऐकू येतो. नवव्या पायसने १८५४ मध्ये जाहीर केलेला हा सिद्धान्त मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाविषयी आहे, आणि मूळ पापापासूनचे तिचे रक्षण ख्रिस्ताच्या पुण्याईमुळेच झाले असे त्यात म्हटलेले आहे. म्हणजे तिलाही तारणाऱ्याची गरज होती, हे कॅथलिकांना नाकारायचे नाही. देवाची आराधना आणि संतांविषयीचा आदर यांतील भेद ७८७ सालच्या दुसऱ्या नायसिया परिषदेने मूर्तींच्या संदर्भात कसा स्पष्ट केला, संतांना केलेली विनंती ही मध्यस्थीची विनंती कशी असते, आणि मरियेला 'देवमाता' म्हणणे हे मुळात ४३१ सालच्या एफेससच्या परिषदेतील ख्रिस्ताविषयीच्या वादातून कसे आले, हे सारे क्रमवार येते. ल्यूथरने १५२१ मध्ये मरियेच्या स्तोत्रावर भाष्य लिहिले आणि तिच्या कायमच्या कौमार्यावर त्याचा विश्वास होता, ही माहिती आजच्या पुष्कळ प्रोटेस्टंटांना धक्का देऊन जाईल.

तरीही या पाठात कळीचा प्रश्न निसटला आहे. सुजाण प्रोटेस्टंटाची हरकत 'तुम्ही मरियेची पूजा करता' एवढीच नसते. बायबलमध्ये स्पष्टपणे न आलेली गोष्ट, म्हणजे १८५४ चा सिद्धान्त आणि बाराव्या पायसने १९५० मध्ये जाहीर केलेला मरियेच्या सदेह स्वर्गउन्नयनाचा सिद्धान्त, श्रद्धेचा अनिवार्य भाग म्हणून चर्चने बांधून देण्याचा अधिकार कोठून आला, असे तो विचारतो. थॉमस अॅक्वायनससारख्या श्रेष्ठ कॅथलिक धर्मपंडितालाही निष्कलंक गर्भसंभवाची नंतर रूढ झालेली मांडणी मान्य नव्हती आणि डन्स स्कोटसने तिचा पुरस्कार केला, हा इतिहास सांगितला असता तर मरियेभोवतीचा वाद खरे तर चर्चच्या अधिकाराचा वाद आहे, हे आपोआप समोर आले असते.

पोपच्या प्रमादातीततेवरील व्याख्यान छोटे आणि नेटके आहे. पोप पाप करू शकत नाही, किंवा तो बोलेल ते सारे अचूक असते, असे कॅथलिक मत नाही. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने घातलेल्या अटी पूर्ण करून, साऱ्या चर्चचा मेंढपाळ म्हणून श्रद्धा किंवा नीती यांविषयी निर्णायक घोषणा केली, तरच ती प्रमादातीत ठरते, आणि १८७० नंतर असा निर्विवाद प्रसंग १९५० चा एकच मानला जातो. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या ६८१ सालच्या परिषदेने पोप होनोरियस यांचा मृत्यूनंतर धिक्कार केला होता, हा प्रोटेस्टंटांचा आवडता मुद्दा कॅथलिक शिक्षकांनी टाळलेला नाही, हे त्यांच्या श्रेयात नोंदवायला हवे.

बायबलविषयीच्या पाठात दोन्ही बाजूंच्या समजांना सारखाच न्याय मिळाला आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६, यावरून ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये सात पुस्तके नव्याने घुसडली असे एका बाजूला म्हटले जाते आणि ल्यूथरने ती फाडून टाकली असे दुसऱ्या. ती पुस्तके ३९७ सालच्या कार्थेजच्या परिषदेच्या यादीत होती, पण जेरोमसारख्या विद्वानाला त्यांच्याविषयी शंका होती. आणि ल्यूथरच्या १५३४ च्या संपूर्ण बायबलमध्ये ती दोन करारांच्या मधल्या स्वतंत्र विभागात छापलेली होती. दहा आज्ञांतून कॅथलिकांनी मूर्तींविषयीची आज्ञा गाळली, हा आरोपही असाच विरतो, कारण प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनच्या परंपरेने ती पहिल्या आज्ञेत समाविष्ट धरली जाते आणि ल्यूथरनही तोच क्रम पाळतात. सामान्य जनांच्या भाषेत बायबल प्रथम ल्यूथरने आणले, हे खरे नाही. १४६६ पासून त्याच्या भाषांतरापर्यंत संपूर्ण जर्मन बायबलच्या १८ आवृत्त्या छापल्या गेल्या होत्या. मात्र १५६४ च्या नियमाने लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी कॅथलिकांना परवानगी घ्यावी लागे, हेही खरेच आहे, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र शास्त्राचा मार्ग सर्व विश्वासूंना मोकळा असावा असे म्हटले ते या पार्श्वभूमीवर. प्रोटेस्टंटांच्या मनातला समज हवेतून आलेला नव्हता, हे पाठ प्रामाणिकपणे कबूल करतो.

अभ्यासक्रमाची सर्वांत दुबळी बाजू म्हणजे प्रोटेस्टंटांविषयीच्या कॅथलिक गैरसमजांना दिलेली अपुरी जागा. प्रोटेस्टंट प्रभुभोजनाला निव्वळ आठवण मानतात, हे विधान स्विस सुधारक झ्विंगलीच्या परंपरेला लागू पडते. पण १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथरने 'हे माझे शरीर आहे' हे शब्द खडूने मेजावर लिहून त्यावरून माघार घेण्यास नकार दिला होता, आणि जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन याने पवित्र आत्म्याच्या द्वारे होणाऱ्या खऱ्या सहभागितेचा तिसरा मार्ग मांडला होता. हा प्रसंग पाठात जेमतेम उल्लेखापुरता येतो. केवळ पवित्र शास्त्र प्रमाण, या तत्त्वाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे बायबलचा अर्थ लावावा असा होत नाही. ऑग्जबर्ग कबुलीजबाब नायसियाच्या परिषदेचा आधार घेऊनच सुरू होतो आणि सुधारक जागोजागी ऑगस्टीनचे दाखले देतात. परंपरा मान्य, पण ती शास्त्राच्या कसोटीला उतरली पाहिजे, ही भूमिका एका स्वतंत्र पाठाची हक्कदार होती. खाजगी पापनिवेदन केवळ कॅथलिकांत असते, हा समजही तसाच राहून जातो. ऑग्जबर्ग कबुलीजबाबाच्या अकराव्या कलमात ते टिकवून ठेवावे असे म्हटले आहे.

याचे मूळ शिक्षकांच्या निवडीत आहे. इथे प्रोटेस्टंट म्हणजे जवळजवळ सर्वत्र ल्यूथरनच. बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र इव्हँजेलिकल मंडळ्यांतील विश्वासूंचे प्रश्न वेगळे असतात: तुझा नवा जन्म केव्हा झाला, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा कशाला, आत्म्याची दाने आज मिळतात की नाही. यांपैकी बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर तर सीमारेषा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या मधून जातच नाही. बालकांच्या बाप्तिस्म्याबाबत आणि त्यातून मिळणाऱ्या नव्या जन्माबाबत ल्यूथरन मंडळी कॅथलिकांच्या बाजूला उभी आहेत, आणि बाप्टिस्ट दोघांच्याही समोर. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने दिलेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरते, पंथ बदलून येणाऱ्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. बाप्टिस्ट मंडळी मात्र बालपणीचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाहीत. परस्परसंबंधांत रोज टोचणारी ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या बाहेर राहिली आहे.

मांडणीच्या बाजूने पाहिले तर चित्रण स्वच्छ आहे, व्याख्यानांचा लिखित मजकूर उपलब्ध आहे आणि उतारे निवडताना काटछाट केली असेल तिथे तशी खूण केलेली आहे. प्रश्नसंच मात्र विषयाला शोभत नाहीत. 'कॅथलिक मतानुसार तारण कर्मांनी मिळते: बरोबर की चूक', अशा प्रश्नाला 'चूक' असे उत्तर देऊन गुण मिळतात, पण कृपेने सुरू झालेल्या जीवनात कर्मांचे स्थान काय, हा त्यानंतरचा खरा प्रश्न विचारलाच जात नाही. थेट सत्रांत टोकदार प्रश्न आला की संचालक तो 'वेळेअभावी' पुढे ढकलतात. मिस्साबलिदान, म्हणजे कॅथलिकांचा प्रभुभोजनाचा विधी, आणि बायबलमधील इब्री लोकांस पत्रातील 'एकदाच' झालेले बलिदान यांच्या संबंधाविषयीचा प्रश्न असाच बाजूला पडला. वास्तविक त्याचे सविस्तर कॅथलिक उत्तर आहे, कालवरीच्या टेकडीवर क्रुसावर झालेल्या एकाच बलिदानाचे ते पुन्हा समोर आणणे आहे, पुनरावृत्ती नव्हे. आणि त्यावर प्रोटेस्टंटांचा विचारपूर्वक प्रतिप्रश्नही आहे. दोन्ही शिक्षक ते सहज पेलू शकले असते.

मिश्रविवाह झालेल्या कुटुंबांना, दुसऱ्या पंथाच्या शाळेत शिकवणाऱ्यांना आणि आपल्याच पंथाची शिकवण नीट समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना हा अभ्यासक्रम मी सुचवीन. धर्मशास्त्राचे विद्यार्थी आणि पाळक यांना त्यातील व्याख्यानांपेक्षा उताऱ्यांचा उपयोग अधिक होईल. त्यांनी ट्रेंटचा १५४७ चा आदेश आणि ऑग्जबर्ग कबुलीजबाब पूर्ण मिळवून समोरासमोर ठेवून वाचावेत. बाप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल वाचकाला आपले चित्र इथे सापडणार नाही. पहिला प्रास्ताविक पाठ कोणीही वगळला तरी चालेल, कारण त्यात १५१७ पूर्वीचा इतिहास घाईने आटोपलेला आहे आणि त्यातील कामाचा भाग दंडमाफीच्या पाठात अधिक चांगल्या रीतीने पुन्हा येतो.